ब्रेकवर पाय कोणाचा होता?

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, पण विश्वास ठेवून नाही. दर वेळी मनात म्हणतो, मांजर असेल, वारा असेल, नाहीतर लिहिणाऱ्याची झोप झाली नसेल. मी वीज खात्यात इंजिनिअर आहे. ज्याचं कारण सापडत नाही ते नीट तपासलेलंच नसतं, असं माझं साधं मत. आज स्वतः लिहायला बसलोय, कारण गेल्या एप्रिलमधल्या एका सकाळचं कारण शोधून शोधून मी थकलोय...

आम्ही भोपाळला साकेत नगरमध्ये राहतो. आजोबा सरकारी ऑफिसबरोबर नागपूरहून इकडे आले ते इथलेच झाले. घरात मी, बायको मेधा, आई आणि बाबा. दोन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली. उजवा पाय आपण उचलून जिथे ठेवू तिथेच पडून राहायचा. बोलणंही गेल्यातच जमा, दिवसातून एखादा शब्द कसाबसा फुटायचा.

पोर्चमध्ये त्यांची जुनी पांढरी अँबेसेडर उभी असते. मी शाळेत असताना घेतलेली. बाबा आजारी पडले आणि गाडीही जागेवर बसली, ब्रेक पार गेले. तरी संध्याकाळी व्हीलचेअर पोर्चमध्ये आणली की बाबा डावा हात बॉनेटवर ठेवून बसून राहायचे. मेधाच एकदा म्हणाली, "अहो, गाडी सुरू करा ना. बाबांना एक चक्कर तर मारून आणू तलावापर्यंत."

मेकॅनिककडे न्यायची तर आधी ब्रेक हवेत! म्हणून घरीच करायचं ठरवलं. एका रविवारी पुढच्या चाकांचे ब्रेक केले, पुढच्या रविवारी मागचे. नवे ब्रेक शू, नवी रबरं, नवं ऑइल. राहिली होती फक्त मागच्या उजव्या चाकाची एअर काढायची.

हे काम एकट्याचं नाही. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखालून चाकामागचं छोटं निप्पल सैल करायचं. ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. निप्पल घट्ट करायचं, मग पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच परत परत. सीटवर मेधा होती. मी ओरडायचो "दाब!", ती म्हणायची "दाबलं!". मी "सोड!", ती "सोडलं!"

आमच्या पोर्चला गेटकडे उतार आहे आणि गाडीचं तोंड गेटकडे होतं. मागची चाकं काढून ती बाजू जॅकवर, पुढच्या चाकांपुढे विटा. हँडब्रेकची केबल शू बसवताना सोडलेली होती. निप्पल चाकाच्या आतल्या बाजूला असतं, त्यामुळे मी छातीपर्यंत गाडीखाली. बाबांच्या खोलीच्या खिडकीत कूलर घरघरत होता, आणि त्याची पाठ नेमकी माझ्याच बाजूला.

बुडबुडे कमी होत आले. एकदा मी "दाब" म्हणालो तर मेधाचं उत्तर आलं नाही. कूलरमुळे ऐकू आलं नसेल म्हणून निप्पल उघडलं, तर ऑइलची जोरदार धार आली. म्हणजे पेडल दाबलेलं होतं. "सोड" म्हणालो. पेडल वर येताना कर्रर्र असा आवाज करतं, तो आला. असं दोन-तीनदा झालं. दाब, धार, सोड, कर्रर्र. मेधा मात्र गप्प. कंटाळली असेल बिचारी, असं वाटलं.

मग अखंड धार आली, एकही बुडबुडा नाही. मी निप्पल घट्ट केलं आणि म्हणालो, "बास, झालं! सोड!"

आवाज आला नाही.

"अगं सोड ना!"

काहीच नाही. पेडल कोणीतरी धरून ठेवलं होतं... मी आणखी एकदा ओरडलो. मग चिडलो, पाना टाकला आणि सरपटत बाहेर आलो.

उठून उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा नजर गेली पुढच्या चाकाकडे. त्याच्या पुढची वीट फुटून भुगा झाला होता. दुसऱ्या बाजूची केव्हाच घसरून बाजूला पडलेली. एवढी अवजड गाडी उतारावर, आणि चाकापुढे काही नाही! मी ड्रायव्हरच्या खिडकीतून आत पाहिलं.

सीट रिकामी होती.

पेडल मात्र अर्ध्यावर दबलेलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत. त्याच्यावर कोणाचा पाय नाही, काही नाही... आणि मग, कर्रर्र... पेडल सावकाश वर आलं.

गाडी हलली. जॅक आडवा झाला, मागची बाजू धाडकन फरशीवर आदळली आणि गाडी फरफटत जाऊन गेटला धडकली. मी झोपलो होतो तिथल्या फरशीचे तुकडे झाले होते.

समोरचे शर्माजी धावत आले. "अरे भाईसाहब, क्या हुआ? कोई नीचे तो नहीं है?" मी मान हलवून "नहीं" म्हटलं.

तेवढ्यात मेधा घरातून पळत आली. मला उभं बघून तिने दाराची चौकटच धरली.

"तू कुठे होतीस?"

"अहो, आईंनी हाक मारली म्हणून आत गेले. तुम्हाला सांगितलं की मी, 'आलेच' म्हणून!" ती मला आत ओढत होती. "बाबांचा पाय... उजवा पाय हलत होता!"

आत गेलो. आई बाबांच्या पायथ्याशी बसून रडत होती. तिने सांगितलं ते असं: बाबा डोळे मिटून पडले होते. अचानक त्यांच्या उजव्या पावलाने पलंगाची पायथ्याकडची फळी दाबली. मग सैल सोडली. परत दाबली, परत सोडली. आई घाबरली, तिने मेधाला बोलावलं. तिच्यासमोरही दोन-तीनदा तसंच झालं. त्यानंतर पाय जो ताठ झाला तो दोघींना मिळून वाकवता येईना. बाबांना घाम फुटला होता, दातावर दात आवळलेले. "मी म्हणत होते, अहो सोडा, सोडा... ऐकेनात. मग एकदम सैल पडला पाय, आणि बाहेर तो आवाज झाला."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "अशा पेशंटच्या स्नायूंना झटके येतात, ताठरपणा येतो, त्यात विशेष काही नाही." पायापुरतं ते पटलं. पेडल अडकलं असेल म्हणून मी ब्रेकचा सिलिंडर पूर्ण खोलला. स्प्रिंग ठीक, दांडा ठीक, कुठे गंज नाही. आणि अडकलं तरी आधी दोन-तीनदा माझ्या शब्दावर दाबलं कोणी? बाबांच्या पलंगावरून पोर्च दिसत नाही, आणि कूलरच्या आवाजात माझं ओरडणं त्यांना कसं ऐकू जाणार?

त्यांचा तो पाय त्यानंतर परत कधी हलला नाही.

त्याच दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. गाडी गेटला धडकली एवढंच आईने त्यांना सांगितलं होतं. मी खाली झोपलो होतो हे तिलाही तेव्हा माहीत नव्हतं. बाबांनी डोळे उघडले. डावा हात उचलून माझ्या छातीवर ठेवला, लहान मूल पडल्यावर चाचपतात तसा फिरवला, आणि कितीतरी प्रयत्नांनी एकच शब्द काढला...

"लागलं?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली. त्यांनी परत डोळे मिटून घेतले.