कुंदाताईंची लाखेची तबकडी

कुंदाताईंच्या लेकीचा, मैत्रीचा मेसेज आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसले होते. कॅमेरा सुरू, माइक बंद. "ममा इज गॉन, मावशी." एवढंच. समोरच्या चौकटींतली माणसं पुढच्या तिमाहीबद्दल बोलत होती आणि मी मान डोलवत होते... कशाला डोलवत होते देव जाणे. कुंदाताई आठवडाभर हॉस्पिटलात होत्या, करोनाच होता, पण परवाच त्यांनी लिहिलं होतं, 'इथलं सूप म्हणजे कोमट पाणी आहे. वरण आण म्हटलं असतं, पण तुला आत सोडणार नाहीत.' सुपाची तक्रार करणारं माणूस असं जातं कसं? नेदरलँड्समधल्या या डेल्फ्टमध्ये त्यांचं घर माझ्या घरापासून सायकलने सात मिनिटांवर, आणि त्यांना निरोप मी लॅपटॉपवर दिला, कारण अंत्यविधीला माणसं मोजून आत सोडत होते. त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हा रडू आलं नाही, आता कधीही येतं.

कुंदाताई मूळच्या नागपूरच्या. इथल्या विद्यापीठात रंग आणि लेपांच्या रसायनशास्त्रावर संशोधन करायला आल्या. नवरा लवकर गेला, मैत्रीला एकटीनं वाढवलं. मी पुण्याहून मास्टर्सला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फावर सायकलसकट आडवी झाले. मराठी ग्रुपवर कुणीतरी ते लिहिलं आणि तासाभरात या अनोळखी बाई डबा घेऊन दारात हजर. "काऊन वं, रडून राहिली काय? हाड मोडलं? नाही ना? मग जेव." मी जेवले. त्या दिवसापासून मी त्यांची झाले, मला कुणी विचारलं नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत चावीचा ग्रामोफोन होता आणि फडताळात एकोणीस तबकड्या. एका म्हाताऱ्या डच संग्राहकाकडून एकेक करून मिळवलेल्या. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांनी गायलेले ब्लूज, अगदी सुरुवातीची ध्वनिमुद्रणं. खरं सांगते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नुसती खरखर ऐकू आली, भजी तळल्यासारखी. ताई म्हणाल्या, "थांब जरा. तिच्या मागे बाई उभी आहे." आणि खरंच, दुसऱ्या कडव्याला ती बाई खरखरीतून पुढे आली. नवरा सोडून गेलाय, पुरात घर गेलंय, आणि ही रडत नाहीये, सुनावतेय. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे, तीन मिनिटांत सगळं आटपावं लागे. ताईंचा नियमही तसाच कडक होता. दर बाजूला नवी सुई. आणि एक बाजू दिवसात एकदाच, कितीही आवडली तरी. "प्रत्येक वेळी सुई तिला थोडं थोडं खाते गं," म्हणायच्या. "आणि एकदाच ऐकायचं म्हटलं की माणूस कान देऊन ऐकतं."

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. त्यांची आई जिनिंगमध्ये कापसाच्या कामाला जायची आणि जयंतीच्या मंडपात भीमगीतं गायची. कापसाच्या धुळीनं आवाज घोगरा झालेला, पण माइक लागत नसे. एका वर्षी कुणी एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन आले. आधी पुरुषांच्या पार्टीचं रेकॉर्डिंग केलं, बायकांना म्हणाले, तुमचं नंतर. नंतर कॅसेट संपली. आई पदर सावरून उभी होती ती खाली बसली. "ह्या बायकांना कंपनीनं पैशासाठी का होईना, कर्ण्यापुढे उभं तर केलं," ताई म्हणाल्या. "माझ्या आईचा आवाज आता कोणापाशी आहे? माझ्यापाशी. आणि मला सूर नाही." त्या आमच्यासमोर कधी गुणगुणतही नसत.

मग लॉकडाऊन लागला. मी एकटी, खिडकीत बसून रस्त्यावरच्या सायकली मोजायची. ताईंनी आपला लहान, पेटीतला ग्रामोफोन माझ्या दाराशी आणून ठेवला आणि दर रविवारी एक तबकडी पायरीवर ठेवून, आधीची परत घेऊन, दीड मीटरवरून हात हलवून जायच्या. एका रविवारी त्यांनी आपली सर्वांत लाडकी तबकडी ठेवली. त्यातल्या बाईचा आवाज घोगरा होता, थेट आईसारखा. पाकिटावर पेन्सिलनं लिहिलं होतं, 'जपून.' आणि मी जपलं! त्या दिवसांत मी दुधाचा डबा पुसत होते, केळी पुसत होते, दाराची कडी पुसत होते. तबकडीही घेतली आणि सॅनिटायझरनं दोन्ही बाजूंनी छान पुसून काढली.

फडक्याला काळं लागलं. मला वाटलं, शंभर वर्षांची धूळ. मग बोट लावलं तर ते चिकटलं.

तीन आठवडे मी खोटं बोलले. 'अजून ऐकतेय हो ताई, आणखी थोडे दिवस ठेवू का?' चौथ्या रविवारी त्या पायरीशी आल्या तेव्हा मी दार उघडलं, तबकडी पुढे केली आणि हमसून हमसून रडायला लागले. त्यांनी ती उन्हात तिरकी धरून पाहिली. चेहरा असा उतरला की मला वाटलं, संपलं आपलं. मग म्हणाल्या, "लाखेची असते ही, अनघा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करताना पाहिलं नाहीस कधी? केमिकल इंजिनिअर ना तू?" मी मान खाली घातली. "आता मुकाट्यानं लाव."

मी ग्रामोफोन दारात आणला. नवी सुई. बाई गायला लागली, मग माझ्या फडक्याच्या वाटेत बुडाली, नुसती घरघर... आणि पुन्हा वर आली, जणू काही झालंच नाही. ताईंनी डोळे पुसले. "आहे बापा, आहे अजून," म्हणाल्या. आणि मला दंड ठोठावला. "तुझी आई गाते ना? तिचं गाणं तुझ्यापाशी आहे का?" नव्हतं. सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉल करायचे, पण आईनं जेवण काय केलं यापलीकडे आमचं बोलणं जात नसे. "मग ते आधी घे. माझ्यासमोर."

उन्हाळ्यात भेटायची थोडी मोकळीक मिळाली. ताई माझ्या बाल्कनीत, मी दाराशी, लॅपटॉपवर साताऱ्याहून आई, आणि टेबलावर रेकॉर्डिंगला लावलेला फोन. आईनं आधी भरपूर आढेवेढे घेतले. "अगं बाई, माझा मेलीचा आवाज कसला घेताय? गॅसवर आमटी आहे." मग हळदीचं एक गाणं सुरू केलं, आणि तिला ते येतं हे मला माहीतही नव्हतं. दुसऱ्या कडव्याला बाल्कनीतून आवाज आला. बेसूर, घोगरा, पण ठाम. कुंदाताई गात होत्या! त्यांच्या आईच्या वस्तीतही हळदीला हेच गाणं होतं, शब्द जरा वेगळे. आई हसली, थांबली नाही, दोघी आपापल्या शब्दांनी शेवटपर्यंत गेल्या. मी मात्र कुरकुरले. ताई फोनच्या जवळ, आईचा आवाज मागे पडला. "ताई, आता गप्प बसा हं," म्हणून मी आईला पुन्हा गायला लावलं आणि ते नीट जपून ठेवलं. पहिलं पुसायचं राहून गेलं, निव्वळ आळसानं. पुढे आईची अकरा गाणी झाली. ती माझ्यापाशी आहेत ती ताईंमुळे, आणि हे मी त्यांना नीट सांगितलं नाही. वरण नेईन तेव्हा सांगू म्हटलं होतं.

गेल्या रविवारी मैत्री ग्रोनिंगनहून आली. तिथे ती शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत किंवा डचमध्ये. ती ताईंचं घर आवरतेय. तिनं ती डागाळलेली तबकडी माझ्यापुढे ठेवली, म्हणाली, ही तुझी. पाकिटावर 'जपून'च्या खाली ताईंनी आणखी एक ओळ लिहिली होती, 'अनघानं पुसली. तरी गाते.' मग मैत्री इंग्रजीतच म्हणाली, तिच्या फोनमध्ये आईचे मेसेज आहेत, फोटो आहेत, पण आवाज म्हणून 'डबा नेलास का' एवढाच. एवढं सगळं जमवून ठेवणाऱ्या बाईनं स्वतःचं काही ठेवलं नाही...

मी उठले. फोन शोधला, माझ्या आळसाचे मनापासून आभार मानले आणि ते पहिलं रेकॉर्डिंग लावलं. आधी माझी आई, लांबून. मग तिच्यावर चढून, बेसूर, घोगऱ्या, कुंदाताई. आणि शेवटी माझाच आवाज, "ताई, आता गप्प बसा हं." मैत्री ग्रामोफोनच्या पेटीवर हात ठेवून ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "नोख एन केअर." पुन्हा एकदा.

एक बाजू, दिवसात एकदाच, हा त्या घरचा नियम. पण इथे सुई नव्हती, झिजणार काही नव्हतं. मी पुन्हा लावलं. मग पुन्हा. अंधार पडेपर्यंत आम्ही ताईंना एकदाही गप्प बसू दिलं नाही.