शेगडी पेटण्याआधीचा घाम

भाऊजींचा इस्पितळातून फोन आला तेव्हा आई आणि मी लालबागच्या त्यांच्या खोलीत ताईच्या बाळाला अंघोळ घालत होतो. "शुभा, तुझी ताई गेली गं…" आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचे हात पाण्यातच राहिले.

गावची शाळा संपल्यावर ताईनेच मला मुंबईला आणलं. तिच्या एका खोलीच्या घरातली खिडकीची जागा मला अभ्यासाला दिली आणि स्वतः दारात बसून भाजी निवडली. आमच्या घरात पदवीधर झालेली मी पहिली. निकालाच्या दिवशी चाळभर पेढे वाटताना ती म्हणाली होती, "आता हिच्याशी बोलायचं तर आधी अर्ज करा हां!"

गरोदरपणात ताईचा रक्तदाब वाढला. बाळंतपणानंतर उतरतो, असं सगळे म्हणाले आणि बहुतेकींचा उतरतोही. ताईचा गोळ्या घेऊनही उतरला नाही. मधूनच डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, अंग घामाने भिजायचं. मग सगळं आपोआप शांत व्हायचं. आई गावाहून आली होती. ताईच्या खाटेखाली शेकासाठी शेगडी ठेवायची.

"आये, उगाच भीती वाटता गो… कसली ता कळना नाय," ताई म्हणायची.

"शेगडेचो घाम तो. बाळंतिणीक येवकच व्हयो."

मलाही ते पटायचं. एका दुपारी ताईची उशी चिंब झाली, चेहरा पांढराफटक पडला. आईने खाली वाकून शेगडीत हात घातला. आत कालची गार राख होती…

परळच्या इस्पितळात कळलं, मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीवर गाठ आहे. घाबरल्यावर शरीरात जे संप्रेरक स्रवतं, तेच ही गाठ कारण नसताना रक्तात ओतते, असं डॉक्टरांनी समजावलं. उपचार सुरू झाले, पण ताईचं हृदय तोवर थकलं होतं. मग माझ्या पोटाकडे पाहत डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही सख्ख्या बहिणी? काही घराण्यांत हे चालत येतं. तुम्हीही लगेच तपासून घ्या."

मला पाचवा महिना आहे. रिपोर्ट अजून यायचाय. बाळासाठी आई आणि मी ताईच्याच खोलीत राहतो. कधीही छाती धडधडू लागते. ही नुसती भीती, की ती गाठ? दोन्ही आतून सारखीच वाटत असणार… कुणाला विचारू? ताईलाच विचारलं असतं.

शेगडी अजून खाटेखालीच आहे, पण आई ती पेटवत नाही. रोज सकाळी बाळाला मांडीवर घेऊन ती माझ्या कपाळाला हात लावते. आजही लावला.

"कोरडा आसा," ती म्हणाली आणि तळहात पदराला पुसला.