थांबाताईंचा प्रश्न

डोळ्यांच्या दवाखान्यात फोटो काढणाऱ्या बाईंना सगळे थांबाताईच म्हणत. "थांबा, हनुवटी इथे. थांबा, पापणी हलवू नका," हे त्यांचं दिवसभर चालू. घरी नवऱ्याने घास उचलला तरी "थांबा" म्हणतात, असं नर्सबाई सांगायच्या. खरंखोटं नवरा जाणे.

फोटो निघाला की ताई स्क्रीन पेशंटकडे वळवत. स्वतःच्या डोळ्याच्या आत बघून भलेभले स्क्रीनजवळ सरकत. मग त्या विचारत, "हा फोटो, नावगाव काढून, एआयच्या मशीनला शिकवायला द्याल का? जिथे डोळ्यांचा डॉक्टर नाही, तिथे ते दुखणं वेळेवर ओळखेल. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही." एवढं बोलून त्या पाठ फिरवत आणि हनुवटी टेकवायची पट्टी पुसत राहत. उत्तर आल्याशिवाय वळायचं नाही. तोंडाकडे बघत उभं राहिलं की माणूस 'नाही' म्हणायला संकोचतो, असं त्यांचं म्हणणं. काय बाई आहे बघा! आणि गंमत म्हणजे, बहुतेक जण 'हो'च म्हणत.

'नाही' म्हणाला तो त्यांचाच सख्खा धाकटा भाऊ. शिंपी माणूस, मागे डायबेटिस लागलेला.

"तुमची हरकत नसेल तर..." ताईंनी सुरुवात केली.

"अगं, मला काय अहो-जाहो करतेस?" तो हसला, पण सगळं ऐकून घेतल्यावर "नको" म्हणाला. डायबेटिसने त्याचा डावा डोळा गेल्यातच जमा होता. बातमी फुटली तर आंधळ्या शिंप्याकडे कापड कोण टाकणार? नाव काढतात हे पटत होतं, पण धीर होत नव्हता. ताई "बरं" म्हणाल्या आणि त्याला पडद्यापलीकडच्या बाकावर बसवून आल्या.

तेवढ्यात एआयच्या मशीनला शिकवायचं काम बघणारे तरुण डॉक्टर आले. फोटो बघून हरखलेच. "इतका बिघडलेला डोळा आपल्याकडे एकही नाही! असे दाखवल्याशिवाय मशीन शिकणार कसं? घाला हा."

"ते नाही म्हणालेत."

"भाऊच ना तुमचा? त्याला कुठे कळणार आहे!"

"मला कळेल ना!" ताईंचा आवाज चढला. "आज त्याचं 'नाही' मी गिळलं, तर उद्या दुसऱ्याकडे 'हो' कुठल्या तोंडाने मागू?"

डॉक्टर ओशाळले. "चुकलं माझं," म्हणून निघून गेले.

पडदा चाचपत भाऊ आत आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "ताई, पुन्हा विचार."

"अरे, राहू दे आता..."

"नाही. सगळ्यांना विचारतेस तसं नीट विचार."

ताईंनी पहिल्यापासून विचारलं, अहो-जाहो करून. मग पाठ फिरवून त्या स्वच्छ पट्टी पुन्हा पुसू लागल्या.

"घे," भाऊ म्हणाला. "माझ्यासाठी तो डोळा संपला. दुसऱ्या कोणाचा तरी वाचू दे."

ताई पट्टी पुसतच राहिल्या.

"अगं ए थांबाताई, 'हो' म्हटलंय मी," तो म्हणाला. "आता वळलीस तरी चालेल."