तळघरातला शब्दकोश

अव्वांना जाऊन काही महिने झाले. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माझं माहेर करकंबचं, मराठी, सासर कन्नड लिंगायत. मी सून होऊन आले तेव्हापासून अव्वा माझ्याशी मराठीतच बोलल्या. त्यामुळे मला कन्नड शिकावंच लागलं नाही. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची मराठी गेली. कन्नडचे दोनचार शब्द तेवढे उरले.

सोलापुरातल्या त्या दवाखान्याचा अतिदक्षता विभाग तळघरात होता. मोबाईलला रेंज नाही. यजमान पुण्याहून निघालेले, त्यांना फोन लागेना. डॉक्टर सांगून गेले, "चमच्यानं पाणी घेतलं तर बरं, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल." मी चमचा ओठांशी नेला की अव्वा तोंड फिरवायच्या. म्हणायच्या, "तोळी, तोळी."

"सिस्टर, तुम्हाला कन्नड येतं का हो?"

"आमचं तेलुगू, ताई. पण आजी लई चिडल्यात, एवढं कळतंय की."

मी ग्रंथालयात काम करते. अव्वांची मराठी गेल्याचं कळल्यावर तिथल्या मैत्रिणीनं मोबाईलमध्ये कन्नड-मराठी शब्दकोश घालून दिला होता. लागेल तेव्हा नेटवर बघेन, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली होती, "सगळा उतरवून घे गं. रेंज नसंल तितं सासूला काय थांबा म्हणणार हायस?"

देवनागरीत शब्द लिहिला. रेंजवाचून पान उघडलं. ‘तोळी’ला सगळ्यात जवळचा शब्द निघाला, तोळे : धुणे.

अंघोळ करून, विभूती लावून, गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय अव्वा पाण्याचा थेंब घेत नसत. हे मी रोज पाहत आले होते. आजारपणात कसला नेम, असं माझं मीच धरून चालले होते.

ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड, हात पुसले. तपासणीसाठी काढून ठेवलेलं लिंग सिस्टरनी आणून दिलं. अव्वांचा डावा हात चालत होता. त्या तळव्यावर ते ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले, आणि चमच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी यजमान पोचले.

"पाणी घेतलं?"

"घेतलं."

"पूजा न करता?"

"करून."

ते बाकावर बसले आणि रडले.

पुढं अव्वा गेल्या, पण नळी लागली नाही. मैत्रिणीचे आभार मी मानले. अख्खा शब्दकोश फोनमध्येच राहावा, असं ज्या कुणाला सुचलं त्यांचे मानायचे राहिलेत.