वीस घोडे आणि शालूबाईची जोडी

माझी थोरली जाऊ शालूबाई हट्टी होती, आणि मला ती त्या हट्टासकट आवडायची. तिचे मालक, म्हणजे माझे मोठे दीर तातेराव, हौशी माणूस. जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी त्यांनी हैदराबादेहून जुनी मोटार आणली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, हिच्यात वीस घोड्यांची ताकद आहे. झालं. कुरुंद्यात घरी येईल त्याला तातेराव आधी वीस घोडे ऐकवत, मग चहा.

इथवर ठीक होतं. पण दिवाळी झाल्यावर ते म्हणाले, "वीस घोडे दारात असून दोन बैलायला काहून चारा घालायचा? पटाची जोडी जवळ्याच्या बाजारात इकतो."

ती जोडी म्हणजे शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पळणारे मन्या आणि गुलब्या. गुलब्याची आई त्याला जन्म देतानाच मेली. शालूबाईनं त्याला बोट चाटवून दूध पाजलं होतं. तिच्या पोटी लेकरू नव्हतं. जोडी विकायचं ऐकलं त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी नवऱ्यापुढं उभी राहिली.

"इका. पण आधी पटावर तुमची मोटार माझ्या बैलायसंगं सोडा. बैल मागं राहिले तर मीच दावं तुमच्या हातात देईन."

"मंग रडू नको."

"न्हाई रडत."

शंकरपट आमच्याकडं नवा नाही. हलका छकडा, त्याला जुंपलेली जोडी, समोर सरळ रान. बघता बघता निकाल. मी जावेला बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, तिकडं वीस अन् इकडं दोन. हा काय हिशोब हाय?" ती माझ्यावरच खेकसली.

पटाच्या दिवशी मोटारीच्या चाकापुढं नारळ फुटला आणि भावकी मोटारीत चढली. आत, मागं, बाहेरच्या पायरीवर, पाय टेकेल तिथं. भावकीला खाली उतर म्हणणं म्हणजे पिढ्यांचं वैर. तातेरावही फुशारकीत म्हणाले, "बसा, बसा. वीस घोडे हायेत."

इशारा झाला. छकड्यावर आमचा सालगडी ग्यानबा होता. त्यानं शेपटीला हात लावायचा अवकाश, बैल उभ्या जागेवरून सुटले. मोटार नुसतीच गुरगुरली. वीस घोडे तिच्यात होते, खोटं कशाला बोलू? पण ते एकदम उठत नव्हते. एंजिन जोरात फिरेल तसे उठणार, त्यात भुसभुशीत काळी माती आणि वर भावकीचं ओझं. बैलांनी पहिल्याच पावलाला होता नव्हता तो जोर लावला. मोटारीला वेग आला तोवर पट संपला होता. ती तशीच भरधाव पुढं जाऊन वेचणी झालेल्या कपाशीच्या रानात घुसली.

माणसं पोट धरून हसली. मीही हसले. भावकी गुपचूप उतरून जिंकलेल्या बैलांकडं निघाली. भावकीचं हे असंच असतं. तातेराव एकटेच मोटारीत, मान खाली घालून.

मला वाटलं, शालूबाई आता गुलब्याच्या गळ्यात पडेल. ती तिकडं गेलीच नाही. पदर सावरत कपाशीतून सरळ मोटारीकडं गेली. आजवर ती त्या मोटारीत एकदाही बसली नव्हती. दार तिला उघडेना. तातेरावांनी आतून उघडलं, आणि साऱ्या गावादेखत ती नवऱ्याशेजारी बसली.

"चला घरी," ती म्हणाली. "बैल येतील मागून."