त्या वळणावर आनंदरावांनी काय केले?

श्री. आनंदराव इंगवले यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी रस्त्यावर आडवी पडले होते. सिंगापुरात क्लेमेंटीला राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. सायकलने बुओना व्हिस्टाच्या ऑफिसला निघाले आणि ओल्या वळणावर घसरले. माझे "आई गं!" ऐकून समोरच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बसलेले एक उंच, जरा लंगडणारे गृहस्थ उठून आले. माझे मनगट हलवून पाहत म्हणाले, "पडताना हॅण्डल सोडायचं, ताई. धरून ठेवलं की गाडी आपल्याला ओढत नेते."

बोलण्यावरून ते कोल्हापूरकडचे वाटले, म्हणून मी त्यांना पैलवान किंवा हाडवैद्य समजले. हा समज बरीच वर्षे टिकला. यंदा त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आपण इथल्या मराठी मंडळींनी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि त्यांच्यावरचा लेख माझ्याकडे आला, तेव्हा त्यांच्या कन्या सुनेत्राताई सहज बोलून गेल्या, "बाबा स्पीडवे खेळायचे ना!"

स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटारसायकलची शर्यत. गाडीला ब्रेक नसतो. बुटाला लोखंडी तळ लावून डावा पाय जमिनीला घासत न्यायचा, मागचे चाक मुद्दाम घसरू द्यायचे आणि डावीकडे वळण्यासाठी हॅण्डल उजवीकडे फिरवायचे. आनंदरावांनी मला हे पुन्हा पुन्हा समजावले आहे आणि मला ते अजूनही कळलेले नाही. तरुणपणी त्यांना पाहायला कोल्हापूर-सांगलीच्या मैदानांवर गर्दी व्हायची म्हणतात. आज मात्र जुन्या शर्यतींच्या गप्पांत त्यांचे नाव कोणी काढत नाही. का, हे मी विचारत गेले आणि माझा गोंधळ सुरू झाला.

पुण्यातल्या एका अंतिम शर्यतीत पुढे होते रमेश दाभाडे, मागोमाग आनंदराव. शेवटच्या फेरीत दाभाडे वळणावर पडले. पाठोपाठ आनंदरावांची गाडी आडवी झाली आणि ते कुंपणावर जाऊन आदळले. दाभाडे उठून चालू लागले, आनंदरावांच्या मांडीचे हाड मोडले. ते पुन्हा कधी ट्रॅकवर उतरले नाहीत. "वळणावर आतून पुढे घुसायची घाई केली, तोल गेला," असे लोक म्हणाले आणि त्यांना विसरून गेले.

सुनेत्राताईंकडून नंबर घेऊन मी दाभाडे यांना पुण्याला फोन केला. त्यांचे म्हणणे अगदी उलट होते. "तोल गेला? अहो, मी समोर पडलो होतो! माझ्या अंगावरून गाडी जाऊ नये म्हणून आनंदानं ती आडवी पाडली. त्याच्यामुळे मी संसार केला, नातवंडं पाहिली."

मला लेख सापडल्यासारखे झाले. मी उत्साहाने आनंदरावांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "असं रमेश म्हणतो. मला न्हाई माहीत."

"म्हणजे, काका?"

"चाक आपसूक सुटलं का मी मुद्दाम सोडलं, ते मला ठरवता येत न्हाई. लई वर्षं विचार केलाय."

त्यांची नात ईरा सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, जस्ट से यू सेव्ड हिम, लाह!" आनंदराव हसले, पण तसे म्हणाले नाहीत.

हा त्यांचा स्वभावच आहे. आपल्यातल्या एका तरुण संशोधकाच्या इथल्या कामाच्या परवान्याचे नूतनीकरण झाले नाही आणि त्याला देश सोडावा लागणार होता, तेव्हा आम्ही सगळे त्याला "होईल सगळं ठीक" म्हणत होतो. आनंदराव म्हणाले, "पुढचं मला माहीत न्हाई, पण खोकी बांधून देतो." आणि दिवसभर त्याच्या खोलीत बसून त्यांनी पुस्तकांची खोकी बांधली. तो मुलगा आजही आठवण काढतो ती त्यांचीच.

मी दोघांचा व्हिडिओ कॉल घडवून आणला. समोरासमोर बोलले की उलगडा होईल, अशी माझी समजूत. दाभाडे यांना रडूच कोसळले. "आनंदा, तू मला वाचवलंस, हे एकदा तुझ्या तोंडानं सांग."

 आनंदराव म्हणाले, "तुझं निळं हेल्मेट दिसलं होतं, रमेश. एवढं नक्की. त्याच्या पुढचं मला आठवत न्हाई."

"मग मी आयुष्यभर आभार कोणाचे मानले?" दाभाडे यांचा आवाज चढला होता. मला वाटले, आता फोन बंद होणार. पण पलीकडून आवाज आला, "पाय कसा आहे?" मग ते दोघे गुडघे, औषधे आणि जुन्या गाड्या यांवर इतके बोलले की सुनेत्राताईंना दोनदा चहा करावा लागला.

दुसऱ्या दिवशी आनंदराव माझ्या दारात उभे. बसलेसुद्धा नाहीत. "ताई, म्हाताऱ्याच्या समाधानासाठी मी हो म्हणायला पाहिजे होतं का?"

तोच प्रश्न घेऊन मी हा लेख लिहायला बसले. गौरवलेखात माणसाचे मोठे कृत्य सांगायचे असते, आणि इथे ज्यांचे ते कृत्य, तेच ते आपल्या नावावर लावू देत नाहीत. त्यांना शूर म्हणू की प्रामाणिक, की दोन्ही, की शूर म्हटले तर त्यांचा प्रामाणिकपणा खोटा पडेल? संपादक मंडळाने त्यांच्या छायाचित्राखाली एक ओळ मागितली होती. बरेच खोडून झाल्यावर मी फक्त 'आनंदराव इंगवले, स्पीडवे रायडर' असे लिहून दिले. ते वाचून त्यांनी मान डोलावली. "हे मात्र खरं हाय," म्हणाले.

दाभाडे पंचाहत्तरीच्या समारंभाला सिंगापूरला येत आहेत. ते सर्वांसमक्ष आपलेच म्हणणे मांडणार आहेत आणि आनंदराव त्याला मान्यता देणार नाहीत, हे आम्ही गृहीत धरले आहे. या दोघांना अजून पुष्कळ वर्षे निरोगी, धडधाकट आयुष्य लाभो. त्यांच्यातला हा वाद मिटण्याची आम्हां कोणालाच घाई नाही.