आखाड्यावर रोखलेला माईक

पोरांनो, तुमचा धाकटा काका माधवनगरला साउंड सिस्टिमचा धंदा करतो. गेल्या वर्षी रहिमतपूरकडच्या एका यात्रेत कुस्त्यांच्या मैदानाचं साउंडचं काम त्याच्याकडे होतं. बायकांनी तिथे बसायची रीत नाही, म्हणून मी त्याच्या मिक्सरच्या मांडवात बसले होते.

तुम्ही विचारलं होतंत, ती लांब नळी, शॉटगन माईक, कधी वापरायची? जिथे माईक जवळ नेता येत नाही, तिथे. उघड्या अंगाच्या पैलवानाला माईक अडकवणार कुठे? आणि मातीत स्टँड ठेवला तर एखाद्याचं डोकं फुटेल. म्हणून ती काठावरून आखाड्यावर रोखायची. समोरचं टिपते, बाजूचा गोंगाट बराचसा सोडून देते. तिचा आवाज फक्त तुम्ही मोबाइलवर लाइव्ह बघता त्यात जायचा. मैदानातल्या भोंग्यांना दिला, तर तोच पुन्हा माईकमध्ये शिरून शिट्टी मारतो.

शेवटच्या कुस्तीला हेडफोन माझ्या कानावर होता. अंग मातीवर आपटत होतं, दात करकरत होते. आमच्या शेजारचा पोरगा खाली पालथा आणि वरच्याने त्याची मान काखेत धरून पिळलेली. हलगी कडाडत होती, लोक ओरडत होते, "मोड! मोड!" माझ्या कानात मात्र वेगळंच.

"सोड... मान मोडाय लागलीया..."

आखाड्यात पैलवान बोलत नाही. रक्त आलं तरी नाही. त्यामुळे पंचही खांदे मातीला टेकतात का, तेवढंच बघत होता.

मी हेडफोन काकाच्या कानाला लावला. त्याने तो आवाज सरळ भोंग्यांवर सोडला. आधी कान फाडणारी शिट्टी, मग सगळ्या मैदानावर घुसमटलेला घोगरा आवाज: "सोड, गड्या, मान!"

हलगी थांबली. वरच्याचे हात सुटले. पोरगा भडभडून ओकला आणि श्वास घेऊ लागला.

त्याचा बाप मांडवात आला. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. मला वाटलं, हात जोडेल. त्याने काकाच्या तोंडावर अशी ठेवून दिली की नाकातलं रक्त मिक्सरवर सांडलं.

"समद्या तालुक्याला ऐकवलंस व्हय रं, माझा ल्योक गयावया करतोय म्हून?"

"तात्या, मान मोडली असती त्याची!"

"मोडू द्यायची!"

"आणि मोडली असती, तर आज कुणाला मारलं असतंत?" मी विचारलं.

"आवं बाई, तुमी मधी पडू नगा," तो म्हणाला आणि त्याने काकाला पुन्हा मारलं.

यंदा यात्रा कमिटीचा माणूस सुपारी घेऊन आला. "भोंगं तुमचंच, पर ती लांब नळी नगं." काकाने सुपारी परत केली. आता दुसऱ्याचे भोंगे लागतील. शेजारचा पोरगा मानेचा पट्टा काढून रोज तालमीत जातोय. त्याला यंदा त्याच मैदानात पुन्हा उतरायचंय.